रोज तेच पक्षी दिसतात, मग वहीत लिहायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यात तळमजल्यावर घर, मागे छोटं परस, त्यात पेरू, शेवगा आणि जास्वंद, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा जुना आंबा. दोन महिन्यांपासून सकाळी चहा घेताना दिसलेल्या पक्ष्यांची नावं तुम्ही वहीत लिहिता. आता रोज तीच दहा-बारा नावं येतात, त्यामुळे वही कंटाळवाणी वाटू लागली आहे. पुढे काय लिहावं, वही बरी की मोबाईलवरचं अ‍ॅप, आणि आठवीतली मुलगी शेजारी येऊन बसते तिला यात घ्यावं का, हे तुम्हाला हवं आहे.

मी वाईला राहते आणि बरीच वर्षं परसातल्या पक्ष्यांची वही ठेवते. माझं पहिलं सांगणं एवढंच, की रोज तेच पक्षी दिसतात म्हणून वही थांबवू नका. रानात नवा पक्षी शोधायला जाणारे पुष्कळ आहेत. एकाच पेरूवरच्या त्याच बुलबुलांकडे वर्षभर बघून लिहून ठेवणारे फार थोडे, आणि जी माहिती सगळ्यांत कमी मिळते ती नेमकी त्यांच्याच वहीत असते.

चिमणीचंच बघा. ‘चिमण्या नाहीशा झाल्या’ हे वाक्य आपण कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. पण कुठे कमी झाल्या, कधीपासून, किती, असं विचारलं तर हातात आठवणीच उरतात. दारात येणारी चिमणी मोजून ठेवावी असं पूर्वी कुणाला वाटलंच नाही. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशपातळीवरचा अहवाल आला. तो उभा राहिला तो तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांनी भरलेल्या याद्यांवर. त्यात असं दिसलं की देशाचा एकत्रित विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणी साधारण टिकून आहे. मोठ्या महानगरांमध्ये मात्र ती घटत गेली आहे. २०२३ च्या पुढच्या अहवालासाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. शेतातल्या तारेवर सहज दिसणारा नीलपंख घटत चालला आहे, हे अशा साध्या याद्या एकत्र आल्यामुळेच आकड्यांत मांडता आलं. ‘आज चिमण्या चार’ ही ओळ तुम्हाला किरकोळ वाटते. मला ती वहीतली सर्वांत किमती ओळ वाटते, फक्त ती नीट लिहिलेली असली पाहिजे.

नीट म्हणजे कशी, ते सांगते.

आधी जागा पक्की करा. वहीच्या पहिल्या पानावर परसाचा साधा नकाशा काढा. कुंपण, पेरू, शेवगा, जास्वंद, विजेची तार, गच्चीवरची पाण्याची टाकी, आणि तुम्ही बसता ती पायरी. शेजारचा आंबा आपल्या हद्दीत धरायचा की नाही हे एकदाच ठरवा. मी धरा म्हणेन, कारण तुमच्या परसातले निम्मे पक्षी तिथूनच येत असणार. पण एकदा धरला की कायम धरा. परसावरून नुसते उडत गेलेले बगळे, घारी, सकाळी ओरडत जाणारे पोपट यांच्यापुढे ‘व’ लिहा, म्हणजे वरून. फक्त ऐकू आलेल्याच्या पुढे ‘ऐ’. जो प्रत्यक्ष दिसला त्याला खूण नको. ही दोन अक्षरं पुढे फार कामाला येतात. कोकीळच घ्या. वसंतात तो कुठूनतरी येतो आणि पावसाळ्यानंतर निघून जातो, असं बहुतेकांना वाटतं. ऐकलेला आणि पाहिलेला कोकीळ वेगळा लिहिला, की ऐन डिसेंबरातही आंब्याच्या दाट पानांत तो गुपचूप बसलेला वहीत सापडतो. थांबतो तो त्याचा आवाज.

मग वेळ. चहा होईपर्यंत बसणं चांगलं आहे, पण बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. पंधरा मिनिटं पुरतात. तीच पंधरा मिनिटं रोज मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर आठवड्यातले तीन दिवस तरी ठरलेले ठेवा. यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. तुम्ही वर्षभर बरोबर सात वाजता बसलात, तर उन्हाळ्याच्या शेवटी तुमची नोंद सूर्योदयानंतर तासाभराने होते आणि थंडीत सूर्योदयाच्याही आधी. पक्ष्यांना घड्याळ ठाऊक नाही, उजेड ठाऊक आहे. त्यामुळे थंडीत पक्षी कमी झाले असं वहीत दिसेल, आणि खरं कारण एवढंच असेल की अजून पुरतं उजाडलेलंच नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाची वेळ छापलेली असते. ती बघा आणि सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने बसायचं ठरवा. शाळेच्या डब्यामुळे ते जमणार नसेल तर घड्याळाचीच वेळ ठेवा, पण सूर्योदय किती वाजता झाला ते बाजूला लिहा.

हवामानाला एक शब्द पुरे: स्वच्छ, ढग, धुकं, भुरभुर, वारा. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर तेवढं जरूर लिहा.

मोजण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे वह्या बिघडतात. ‘साळुंक्या खूप’, ‘बुलबुल बरेच’ याला पुढच्या वर्षी काहीच अर्थ उरत नाही. आकडा लिहा. आता पेरूवर दोन बुलबुल आले, गेले, पाच मिनिटांनी पुन्हा दोन आले, तर चार लिहायचे का? नाही. एका वेळी नजरेसमोर जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा. दोन-दोन करत दहा वेळा आले तरी ती बहुधा एकच जोडी असते. नर-मादी वेगळे ओळखता येत असतील तर मात्र त्याचा फायदा घ्या. दयाळाचा काळा-पांढरा नर आधी दिसला आणि नंतर राखट मादी, तर ते दोन झाले, एका वेळी दिसले नसले तरी. संध्याकाळी आंब्यावर साळुंक्यांचा गोंगाट असतो तेव्हा एकेक मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, दहांचा तो पुंजका किती जागा व्यापतो ते डोळ्यांत धरा, तसे पुंजके किती ते मोजा आणि ‘अंदाजे ६०’ लिहा. अंदाज आहे हे लिहिलं की तो आकडा प्रामाणिक राहतो.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. यादी पूर्ण लिहा. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत ओळखू आलेला प्रत्येक पक्षी आला पाहिजे, कावळा आणि पारवाही. ‘कावळा काय लिहायचा’ असं म्हणून एक दिवस सोडला, की कावळा नव्हता की तुम्ही लिहिला नाही, हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही. यादी पूर्ण असली तरच तिच्यात नसलेल्या नावाला अर्थ येतो. आणि एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं बसून काहीच दिसलं नाही, तर तारीख, वेळ घालून ‘काही नाही’ लिहा. पान फाडू नका, दिवस वगळू नका.

न दिसण्याची ही नोंद का लागते, ते हिवाळी पाहुण्यांवरून कळेल. सप्टेंबरात धोबी गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला शेपटी हलवत फिरू लागतो. ऑक्टोबरात कृष्ण थिरथिरा येतो, कुंपणावर बसून तांबूस शेपटी थरथरवतो. त्याच सुमाराला आंब्यात इवले हिरवट पर्णवटवटे ‘चिस्वी’ करत फिरायला लागतात. पहिला पाहुणा आला ती तारीख सगळे आनंदाने लिहितात. तो गेला कधी हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. जाणारा पक्षी सांगून जात नाही. आज दिसला तो शेवटचा होता हे आठ-दहा दिवस तो न दिसल्यावरच समजतं, आणि तोवर रोजची पूर्ण यादी लिहिली नसेल तर ती तारीख हातातून गेलेली असते. मार्च-एप्रिलमधल्या कंटाळवाण्या नोंदी म्हणूनच मी आग्रहाने लिहायला सांगते. शेवटची तारीख रोज लिहिणाऱ्याच्याच वहीत असते.

तुमच्या परसात वर्ष कसं फिरतं, ते एकदा डोळ्यासमोर आणा. फेब्रुवारीत कोकिळाचा गळा मोकळा होऊ लागतो, तांबटाची ‘टुक टुक टुक’ दुपारभर चालते. गावाबाहेर काटेसावर, पांगारा, पळस फुलतात आणि त्यांच्यावर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. या भोरड्या मध्य आशियाकडून ऑगस्टच्या सुमाराला आलेल्या असतात आणि एप्रिलपर्यंत परततात. मार्चपासून दयाळ पहाटे तारेवर बसून गातो. हिवाळाभर तो इथेच, झुडपांच्या बुडाशी कर्कश ‘चर्र’ करत असतो आणि लोकांना तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून दयाळापुढे ‘गाणं’ की ‘नुसता आवाज’ हे लिहा. गाणं सुरू झाल्याची तारीख दर वर्षी थोडी सरकते, ती मला फार आवडणारी नोंद आहे. उन्हाळा सरताना कोकिळेची पिल्लं कावळ्यांच्या मागे तोंड वासून फिरताना दिसू शकतात. मेच्या अखेरीस पावश्या रात्रंदिवस ओरडतो. जूनच्या तोंडाशी चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा हा पक्षी पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि पहिला पाऊस पडला ती तारीख एकाच पानावर लिहा. त्याच दिवसांत नवरंग प्रवासात थकून एखाद्या अंगणात, कधी तर घराच्या पडवीत उतरतो. तसं झालं तर त्याला खोक्यात अंधारात शांत बसू द्या, पाणी तोंडात ओतू नका, आणि तरतरी आल्यावर झाडीजवळ सोडा. पावसाळ्यात वटवट्या आणि मुनिया घरट्याच्या कामाला लागतात. गवताचं लांब पातं चोचीत धरून उडणारी मुनिया दिसली की ‘पातं घेऊन गेली, दिशा आंबा’ एवढं लिहिलंत तरी ती विणीची नोंद झाली.

पक्ष्यांबरोबर झाडंही लिहा. पेरू पिकू लागला कधी, शेवगा फुलला कधी, आंब्याला मोहोर कधी आला. जुना आंबा आहे म्हणता, तर त्यावर बांडगूळ असणारच. बांडगुळाची लांबट फुलं आणि फळं कधी येतात ते बघा, आणि त्याच दिवसांत फुलटोच्या किती वेळा यादीत येतो ते बघा. अंगठ्याएवढा तो पक्षी बांडगुळाची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. शेजाऱ्यांना बांडगूळ नको असतं, फुलटोच्याला तेच हवं असतं, आणि या दोघांमधली सगळी हकिगत तुमच्या पायरीवरून दिसते.

कंटाळ्यावर माझा उपाय साधा आहे. रोजच्या यादीखाली दोन ओळी एकाच पक्ष्यावर लिहा. आज बुलबुल, उद्या सातभाई. यादी पाच मिनिटांत संपते, पण या दोन ओळींसाठी पाहावं लागतं. जास्वंदीवर येणारा शिंजीर फुलात तोंडाने शिरतो, की देठाशी चोच खुपसून बाहेरूनच मध पळवतो? दोन्ही करतो, कधी कोणतं, ते लिहा. सातभाईंचा थवा नेहमी कितींचा असतो? रोज आठ दिसणारे सात झाले तर आठवा कुठे थांबला आहे ते बघा, कदाचित घरट्यावर असेल. काही आठवड्यांनी थव्यामागे एक मोठाड पिल्लू सतत ओरडत फिरताना दिसलं आणि ते त्यांच्यासारखं दिसत नसेल, तर ते बहुधा पावश्याचं किंवा चातकाचं. दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. खारी एकाएकी किरकिरायला लागल्या, बुलबुल ओरडू लागले, तर वर बघा, शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असेल. तो यादीत एकदाच येतो, पण त्याच्या येण्याने पुढची दहा मिनिटं परस रिकामं होतं, हेही लिहा, नाहीतर त्या दिवसाचे कमी आकडे नंतर तुम्हाला कोड्यात टाकतील.

ओळखू न आलेल्या पक्ष्याचं काय करायचं? पुस्तक किंवा मोबाईल उघडण्याआधी वर्णन लिहायचं. हा नियम कडक पाळा. चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांना न दिसलेले ठिपकेही दिसल्यासारखे वाटू लागतात. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, शेपटी लांब की आखूड, वर उचललेली की खाली, भुवई किंवा डोळ्याभोवती कडं आहे का, जमिनीवर होता की शेंड्यावर, काय करत होता, आवाज कसा. मग शोधा. दोन घोटाळे तुमच्याकडे नक्की होणार, म्हणून आधीच सांगते. अंगभर ठिपके असलेली तपकिरी मोठी ‘वेगळीच’ पक्षीण ही बहुधा कोकिळा, म्हणजे काळ्या कोकिळाची मादी. आणि पिवळट पोटाचा, गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा ओढलेला छोटा पक्षी नवीन जातीचा नसतो. तो जांभळ्या सूर्यपक्ष्याचा, म्हणजे शिंजिराचाच, नर असतो, विणीनंतर त्याची चमकदार पिसं झडून असा वेष येतो. पर्णवटवट्यांच्या जाती ओळखण्याचा सुरुवातीला अट्टहास नको. ‘पर्णवटवट्या, जात नक्की नाही, २’ ही उत्तम नोंद आहे. चुकीच्या नावापेक्षा अर्धं नाव केव्हाही बरं.

आवाज ऐकून नाव सुचवणारं मर्लिन अ‍ॅप अनेक जण वापरतात, मीही वापरते. त्याने सुचवलेलं नाव म्हणजे कुठे बघायचं याची सूचना समजा. पक्षी डोळ्यांनी पाहिला किंवा तो आवाज तुमच्या ओळखीचा असेल तरच यादीत घ्या.

घरट्यांबद्दल मात्र मी कडक आहे. शिंजीर पडवीतल्या तारेला, लोंबत्या वेलीला कोळिष्टकं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काहीबाही चिकटवून पिशवी विणतो, अगदी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. वाकून आत बघण्याचा मोह होतो. बघू नका. आपण वारंवार जवळ गेलो की पक्षी बुजतो, आणि कावळ्याला, मांजरालाही घरट्याचा पत्ता लागतो. पायरीवरून जे दिसेल तेवढंच लिहा: सामान आणायला सुरुवात कधी झाली, मादी आत बसून राहू लागली कधी, चोचीत किडे-अळ्या घेऊन येणं कधी सुरू झालं, अर्ध्या तासात किती फेऱ्या, पिल्लं बाहेर पडली कधी. या चार-पाच तारखांवरून अंडी कधी घातली असतील याचा अंदाज आपोआप येतो. बुलबुल आणि शिंजीर दोन आठवड्यांच्या आसपास अंडी उबवतात. घरटं मोडलं, पिल्लं गेली, तर तेही तारखेसह लिहा. बरीच घरटी अपयशी ठरतात आणि ते लिहून ठेवणारे फार कमी आहेत. वापरात असलेल्या घरट्याचे फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका.

एक पान वेगळं ठेवा आणि त्याला ‘परसातले बदल’ असं नाव द्या. हे पान माझ्या ओळखीच्या बहुतेक निरीक्षकांच्या वहीत नसतं आणि मग काही वर्षांनी आकडे का बदलले ते कुणालाच उमगत नाही. पाण्याचं भांडं ठेवलं, तारीख. शेवग्याची फांदी तोडली, तारीख. शेजारी बांधकाम सुरू झालं, मांजर आलं, रस्त्यावर नवा दिवा लागला, पलीकडच्या इमारतीत कुणी पारव्यांना धान्य टाकायला लागलं. शेवग्याची वाळलेली फांदी धोकादायक नसेल तर ठेवा म्हणेन. तांबट असल्याच मऊ, मेलेल्या लाकडात ढोली कोरतो. पाण्याचं भांडं उथळ, दोन-तीन बोटं खोलीचं, आणि रोज धुतलेलं असावं. मार्च ते मे या काळात त्यावर येणाऱ्यांची वेगळी यादी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ती सकाळच्या पंधरा मिनिटांत मिसळू नका. धान्य टाकायचं का, असंही लोक विचारतात. मी टाकत नाही. धान्याने पारवे वाढतात, आणि शिंपी, दयाळ, नाचण हे किडे खाणारे पक्षी त्याने येत नाहीत. त्यांना पालापाचोळा न झाडलेला एक कोपरा हवा असतो.

वही की अ‍ॅप? दोन्ही, आणि दोघांची कामं वेगळी. आकडे ई-बर्डवर भरा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेली पक्ष्यांच्या नोंदींची ही विनामूल्य ऑनलाइन व्यवस्था आहे, आणि वर सांगितलेले देशाचे अहवाल मुख्यतः तिच्यातल्याच याद्यांवर आधारलेले आहेत. तिथे वेळ, कालावधी आणि ‘ही यादी पूर्ण आहे का’ हे विचारलं जातं, त्यामुळे शिस्त आपोआप लागते. तुमच्या सगळ्या नोंदी कधीही उतरवून घेता येतात. जागेला नाव देताना घर नंबर, सोसायटीचं नाव घालू नका. तुमची यादी इतरांना दिसते. ‘सातारा, परस’ एवढं पुरे. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, भारतात तो २०१३ पासून होतो, आणि त्यात किमान पंधरा मिनिटांचीच नोंद लागते. म्हणजे तुम्ही जे रोज करता तेच. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. हिवाळी पाहुणे नुकतेच स्थिरावलेले असतात, त्या आठवड्यात रोज नोंद कराच.

वहीत राहतं ते अ‍ॅपमध्ये न मावणारं: दोन ओळी, नकाशा, मोहोर, बदलांचं पान, मुनियाने नेलेलं पातं. वही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली घ्या. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा. जेलची शाई पावसाळी दमटपणात पसरते. डावीकडे यादी, उजवं पान मोकळं. नावं एका पद्धतीने लिहा. होला म्हटलं तर ठिपकेवाला की तांबूस, बुलबुल म्हटलं तर लालबुड्या की शिपाई, हे दर वेळी लिहा. महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून ठेवा.

त्याच दिवशी आणखी एक काम करा, अर्धा तास लागेल. एका आडव्या तक्त्यात डावीकडे पक्ष्यांची नावं, वर महिने. महिन्यात वीस याद्या झाल्या आणि तांबट त्यातल्या पाचांत आला, तर त्याच्यापुढे २५ टक्के. बुलबुल विसांतही आला, तर १०० टक्के. एखादी जात किती याद्यांमध्ये येते याचं हे प्रमाण अहवाल करणारे अभ्यासकही वापरतात, आणि ते काढायला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. पहिल्या वर्षी हा तक्ता फार बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यांचे आकडे शेजारी आले की तुम्ही स्वतःहून प्रश्न विचारायला लागाल: ऑक्टोबरात शिंजीर का कमी झाले, बदलांच्या पानावर काय आहे, शेवगा तेव्हा फुललेला होता का.

तुमची दोन महिन्यांची जुनी पानं ठेवून द्या. त्यांत वेळ आणि आकडे नाहीत, म्हणून टक्केवारीत ती धरता येणार नाहीत, पण कोणती जात कोणत्या तारखेला होती एवढं त्यांतून नक्की मिळतं. त्या पानांच्या शेवटी एक रेघ मारा, ‘इथून पुढे पूर्ण यादी, पंधरा मिनिटं’ असं लिहा आणि उद्यापासून सुरुवात करा.

मुलीला जरूर सोबत घ्या. फक्त रोजच्या नोंदीवर ‘आई’ किंवा ‘दोघी’ हे लिहायला विसरू नका, कारण चार डोळ्यांना दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं आणि आकडे त्यामुळेही वाढतात. यादी तिला लिहू द्या, तुम्ही बघा. दुसऱ्या दिवशी उलट. तिच्याकडे एक काम मुद्दाम सोपवा: फुलटोच्याचा ‘चिक चिक’ ऐकण्याचं. असे बारीक, उंच स्वर लहान वयाच्या कानांना अधिक स्पष्ट ऐकू येतात. ती बसू लागल्यावर तुमच्या वहीत फुलटोच्याचं प्रमाण वाढलं, तर ते आंब्यावरच्या बांडगुळामुळे की तिच्या कानांमुळे, हे तिच्याशिवाय घेतलेल्या दिवसांच्या याद्या शेजारी ठेवून तपासा.